लॅडलचे निरोधक अस्तर

वितळलेले लोखंड भट्टीपासून साच्यापर्यंत नेणाऱ्या लॅडलच्या पोलादी कवचाला आतून दिलेला, उष्णता धरून ठेवणारा थर. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे भागातल्या फाउंड्र्यांत त्याला नुसते ‘लायनिंग’ म्हणतात.

बीड (ओतीव लोखंड) 1150 ते 1250 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, पण भट्टीतून ते सहसा 1450 ते 1500 अंशांना काढावे लागते, कारण साच्यात पडेपर्यंत ते निवत जाते. या निवण्याची किंमत विजेत मोजावी लागते. एक टन रस (वितळलेले लोखंड) आणखी 50 अंश तापवायला हिशेबाने 11-12 युनिटे लागतात, भट्टीतली हानी वेगळी. रस फार निवला तर पातळ भिंतीच्या कास्टिंगमध्ये (साच्यात ओतलेल्या वस्तूत) तो टोकापर्यंत पोहोचत नाही, किंवा दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव होत नाहीत. लॅडल जितके लहान तितकी ही अडचण मोठी, कारण रस थोडा आणि त्या मानाने भिंत जास्त. बशीतला चहा कपातल्या चहाआधी निवतो, तसेच हे. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या बिडात, तर मॅग्नेशियमचा परिणामही काही मिनिटांत ओसरू लागतो, त्यामुळे तिथे उशीर आणि निवणे दोन्ही परवडत नाहीत.

उष्णता अडवते ती खरे तर पदार्थात कोंडलेली हवा. फायरब्रिक किंवा सिलिका रॅमिंग मास (कुटून बसवायचा सिलिकाचा माल) घट्ट असतो, म्हणून मजबूत, पण उष्णता झिरपू देतो. हलकी वीट, कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड, सिरॅमिक फायबरचा कागद यांत बारीक पोकळ्या असतात. त्या उष्णता अडवतात, पण रसाचा आणि मळीचा (रसावर तरंगणाऱ्या वितळलेल्या कचऱ्याचा) मार सोसत नाहीत. म्हणून बहुधा रसाकडे घट्ट थर आणि त्यामागे, कवचाला चिकटून, हलका थर देतात. घट्ट थरासाठी उच्च ॲल्युमिनाचा माल उत्तम. बेळगावात हिंडाल्कोचा ॲल्युमिना कारखाना आहे, त्यामुळे हा शब्द इथे परका नाही.

मागचा थर वाढवला की काम झाले, असा समज मात्र घातक आहे. मागून उष्णता अडली की पुढचा थर पूर्ण जाडीभर तापतो आणि लवकर झिजतो. त्याला भेग पडली तर रस आधी जिथे थंड होऊन गोठायचा, तिथे आता गोठत नाही. तो आणखी खोल शिरतो आणि कवचापर्यंत येऊ शकतो. अंधारात कवचावर लालसर ठिपका दिसला, की ते लॅडल तात्काळ रिकामे करून बाजूला काढावे. अस्तराची जाडी वाढवताना झिजेचे मापही ठरवून ठेवावे लागते.

नवे अस्तर सुकवणे हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि घाई तिथेच होते. अस्तरात उरलेल्या पाण्याची वाफ होते, तिचे आकारमान सुमारे 1700 पट होते. अस्तर फुटते, रस उसळतो. उरलेल्या ओलीतून हायड्रोजन रसात गेला तर कास्टिंगमध्ये पिनहोल (टाचणीएवढी बारीक छिद्रे) येतात. म्हणून कवचाला बारीक छिद्रे ठेवतात, बर्नर आधी मंद लावतात. वरून धरलेल्या थंड पोलादी पट्टीवर दव जमत असेल, तर ओल अजून आहे. दव जमायचे थांबल्यावरच लॅडल लाल होईपर्यंत तापवावे. घट्ट अस्तर थंड असताना रस ओतला, तर पहिल्या ओतण्यातच भिंतीला लोखंडाची खपली धरते. काही तयार, हलकी, एकदाच वापरायची अस्तरे थंड वापरता येतात. ती महाग पडतात.

अस्तर कितीही चांगले असले तरी उघड्या तोंडातून उष्णता जातेच, आणि इथे ती मुख्यतः प्रारणाने जाते. म्हणून झाकण हवे. पोलाद कारखान्यांत भाताच्या तुसाची राख रसावर पसरतात. ती सिलिकाने भरलेली, हलकी आणि सच्छिद्र असते. खानापूर तालुका भाताचा असल्याने तूस इथे दुर्मीळ नाही.

जुने अस्तर फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांचा सिलिकोसिस करते. फोडण्याआधी पाणी मारावे, नीट बसणारा मास्क घालावा. सिरॅमिक फायबरच्या तंतूंबाबतही तीच खबरदारी लागते.