यंदा कुठं खेळूलास?

सुट्टीला घरी आलेल्या फुटबॉलपटूला बेळगावात कॅम्पापासून शहापूरपर्यंत भेटेल तो एकच विचारतो, "यंदा कुठं खेळूलास?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते. पण तिशी गाठलेल्या, सहावा-सातवा क्लब बघितलेल्या फॉरवर्डला, म्हणजे पुढे राहून गोल करणाऱ्या खेळाडूला, ते टोचतं, कारण त्याच्या माघारी "कुठं टिकत नाही पोरगं" असं बोललं जातं, हे त्याला ठाऊक असतं. हे बोलणं अन्यायाचं आहे. त्याची फिरती स्वभावातून आलेली नाही, खेळाच्या करारांनी ती त्याच्यावर आणली आहे.

एकेकाळी उलटी गत होती, खेळाडूला हलताच येत नसे. इंग्लंडमध्ये १८८५ साली पैसे घेऊन खेळायला मान्यता मिळाली आणि १८९३ पासून खेळाडूची नोंदणी क्लबच्या मुठीत गेली. करार संपला, पगार थांबला, तरी क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळायची सोय नव्हती. आठवड्याला २० पौंडांची कमाल पगारमर्यादा तर १९६१ पर्यंत चालली. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने लढवलेल्या खटल्यात या अडवणुकीला पहिला मोठा तडा गेला.

बांध फुटला तो १५ डिसेंबर १९९५ रोजी. बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमनचा करार १९९० साली संपला होता. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कच्या क्लबात जायचं होतं, पण त्याच्या लिएजच्या क्लबने पैशांसाठी अडवून धरलं. करार संपला की खेळाडू मोकळा, असा निकाल युरोपीय न्यायालयाने दिला, तोवर बॉसमनची उमेदीची वर्षं निघून गेली होती. फायदा पुढच्यांना झाला. मात्र दार दोन्ही बाजूंनी उघडलं. खेळाडू जायला मोकळा झाला, तसा क्लबही त्याला हंगामाअखेर निरोप द्यायला मोकळा झाला.

आपल्याकडे हे वारं उशिरा आलं. मुंबईत टाटा, मफतलाल, ओर्के मिल, बेंगळूरला आयटीआय, एचएएल अशा कंपन्यांचे संघ असत. खेळाडू तिथले नोकरदारच, त्यामुळे गोल आटले तरी हजेरीपटावरचं नाव राही. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल आली. पैसा वाढला, पण पायाखालची जमीन सरकली. महिंद्रा युनायटेड हा क्लब २०१० मध्ये बंद पडला, जेसीटी हा क्लब २०११ मध्ये. २०१६ मध्ये गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळे ही बातमी आमच्यासाठी परक्या गावची नव्हती.

यातही फॉरवर्डचं नशीब जास्त कठीण. आयएसएलच्या पहिल्या हंगामात मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. गोल करायची जागा क्लब आधी परदेशी माणसाला देतात, देशी फॉरवर्ड विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, जातो किंवा बाकावर बसतो. मग हंगामाअखेर त्याचे गोल मोजले जातात! कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यानंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद अशी त्याची वाटचाल झाली. इतक्या गुणी पोराला जर गावं बदलावी लागतात, तर बाकीच्यांना का बोल लावायचा?

उरुग्वेचा सेबास्तियान आब्रेऊ तर या फिरस्त्यांचा राजा. २०१७ च्या डिसेंबरात चिलीतला आउडाक्स इटालियानो हा त्याचा २६वा क्लब ठरला आणि गिनेस बुकात नोंद झाली. त्याला कुणी न टिकणारा म्हणेल का? २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्धची शेवटची पेनल्टी त्यानेच मारली होती. अख्ख्या देशाचा श्वास अडकलेला असताना त्याने चेंडू अलगद उचलून गोलच्या मधोमध टाकला आणि उरुग्वे उपांत्य फेरीत गेलं.

माझ्या ओळखीच्या एका फॉरवर्डने आपली प्लास्टिकची फाईल मला उघडून दाखवली होती. वर कराराचे कागद, "हंगाम संपेपर्यंत" या शब्दांखाली पेनाने ओढलेली रेघ. खाली ना हरकत दाखल्यांची चळत, घड्या पडून कडा कातरलेल्या. गोवा, बेंगळूर, मध्ये एक हंगाम कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून. दरवेळी खोली नवी, मेस नवी, कोच नवा. नव्या विंगरचा क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, कुठं पडतो हे कळायलाच महिना जातो, असं तो म्हणाला. कळेपर्यंत निम्मा हंगाम सरतो.

फिफाच्या नियमांत अशा प्रवासाच्या उगमाचीही दखल आहे. करार चालू असताना पैसे मोजून खेळाडू परदेशी क्लबात गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. लहान गावातल्या क्लबालाही वाटा मिळू शकतो, फक्त पोराची त्या काळातली नोंद हवी.

त्या फाईलीत सगळ्या क्लबांची पत्रं आहेत. बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत बेळगावात तो ज्या टीमकडून खेळला, तिचा मात्र एकही कागद नाही.