गुलमंडीचा गल्ला : हाली का कलदार?

औरंगाबाद म्हटलं की मलिक अंबर, नहर, बावन्न दरवाजे हे सगळ्यांना पाठ आहे म्हणून सोडून देतो. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, जुन्या औरंगाबादच्या या बाजाराच्या गप्पा निघाल्या की म्हातारी माणसं भावापासूनच सुरू करतात, चहा इतक्या आण्याला, गूळ इतक्याला, अन् आपण फक्त "लै स्वस्ताई होती" म्हणून मोकळे होतो. पण तो आणा हालीचा का कलदारचा, हे कोणी विचारतच नाही.

हाली म्हणजे निजामाचा रुपया, चारमिनार छापलेला. हाली या शब्दाचा अर्थ 'सध्याचा', 'चालू', आणि आज तोच शब्द सगळ्यात जुनाट वाटतो, ही एक गंमतच. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया, कल म्हणजे मशीन, मशीनवर पाडलेला म्हणून कलदार. नंतर निजामाची नाणीही मशीनवरच पडायला लागली तरी नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिलं. हिशोब साधारण सात हालीला सहा कलदार, म्हणजे हालीचा रुपया कलदारच्या चौदा आण्यालाही थोडा कमीच. रेल्वे मनमाडला जोडली गेली १९०० च्या सुमारास, मनमाड इंग्रजी हद्दीत, त्यामुळं मुंबईचा माल यायचा कलदारात आणि गिऱ्हाईक द्यायचं हालीत, मधला बट्टा, म्हणजे दोन रुपयांतला फरक, दुकानदाराच्या डोक्यात. आमच्या आजोबांच्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, रकमेपुढं 'हा' नाहीतर 'क' लिहिलेलं आहे, ते मला कित्येक वर्षं नावांचं आद्याक्षर वाटायचं.

बरं, सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य भारतात आलं अन् दुसऱ्या दिवसापासून कलदार आला असं समजू नका. हाली पुढंही चालूच राहिला, पूर्ण रद्द व्हायला १९५९ उजाडलं. त्यातच १९५७ ला नवे पैसे आले, सोळा आण्याचे शंभर पैसे झाले, आणि मागोमाग शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. एकाच गल्ल्यात तीन हिशोब! माझ्या मते त्या काळातल्या किराणावाल्यांचं तोंडी गणित हा या बाजाराचा खरा वारसा आहे, दरवाजांचे फोटो तर सगळेच काढतात.

त्यानंतरचं आपल्या डोळ्यासमोरचंच आहे. सिडकोची नवी वस्ती झाली, गिऱ्हाईक तिकडं गेलं, रस्ता रुंदीकरणात कित्येक दुकानांचे ओटे गेले आणि ओट्यावर बसणारी माणसं पण गेली, रस्ता तरी कुठं मोकळा झाला म्हणा. २०२३ ला शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, बोलताना मात्र अजून "गुलमंडीवर जाऊन येतो" एवढंच.

रंगारगल्लीतल्या एक आज्जी सांगायच्या, त्यांच्या सासऱ्यांनी सात हालीची उधारी फेडायला सहा कलदार नेऊन दिले. दुकानदारानं घेतले, मोजले, आणि म्हणाला, अजून एक राहिला.