कर्कपेशी आणि फॉस्फेटची कोंडी

‘साखर सोडा म्हणजे गाठ उपाशी मरेल’ या कर्करोग्यांना मिळणाऱ्या सल्ल्याला आता एक धाकटे भावंड मिळाले आहे: ‘फॉस्फेट सोडा’, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा अन्नातून मिळणारा क्षार सोडा. तो सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाची जनुकीय प्रवृत्ती असलेल्या उंदरांना फॉस्फेट जास्त असलेले खाद्य दिल्यावर त्यांच्या गाठी अधिक वाढल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. पण तेवढ्यावरून रुग्णाचे पथ्य ठरवणे हा उतावीळपणा आहे. मूत्रपिंडे, गळ्यातील परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे संप्रेरक आणि हाडांत तयार होणारे एफजीएफ-२३ हे संप्रेरक मिळून प्रौढांच्या रक्तातील फॉस्फेट साधारणपणे दर डेसिलिटरला २.५ ते ४.५ मिलिग्रॅम एवढे राखतात आणि बाहेरून कमी आले तर हाडांच्या कोठारातून काढतात. शरीरातील सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरसपैकी ८५ टक्के त्याच कोठारात असतो, त्यामुळे ताटातले फॉस्फेट कमी करून गाठीची रसद तोडता येईल ही आशा भाबडी ठरते.

वाढत्या गाठीला फॉस्फेट लागते, हे मात्र खरे. डीएनए आणि आरएनए यांचा कणा फॉस्फेटचा, पेशीपटलातील मेदरेणूंची डोकी फॉस्फेटची आणि ऊर्जेची देवघेव करणाऱ्या एटीपीत तर एकाला एक जोडलेले तीन फॉस्फेट. झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला प्रथिने बनवण्यासाठी रायबोसोम मोठ्या संख्येने लागतात आणि रायबोसोममधील आरएनए फॉस्फरसने भरलेला असतो. फुप्फुस आणि मोठे आतडे यांच्या गाठींत शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा फॉस्फरस जास्त असल्याचे २००७ साली आढळले. यकृत आणि मूत्रपिंड यांच्या गाठींत मात्र तसा फरक दिसला नाही. सगळ्या कर्करोगांना एकाच मापाने मोजणाऱ्यांनी हा अपवाद लक्षात ठेवावा.

एवढ्याशा नमुन्यातील फॉस्फेट मोजता येऊ लागले, त्यात भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा वाटा मोठा आहे. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी १९२५ साली दिलेल्या पद्धतीत फॉस्फेटचा मॉलिब्डेटशी संयोग घडवून निळा रंग आणतात आणि रंग जितका गडद तितके फॉस्फेट जास्त, असा हिशेब करतात. याच सुब्बारावांच्या चमूने पुढे बनवलेल्या अमिनोप्टेरिन या औषधामुळे रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांचा आजार काही काळ मागे हटल्याचे अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केले.

माझ्या मते फॉस्फेटचा सर्वांत विलक्षण गुण म्हणजे त्याचा ऋण विद्युत प्रभार. मेदाच्या पेशीपटलातून प्रभारित रेणू सहजी पार होत नाही आणि पेशी या अडचणीचाच कुलपासारखा उपयोग करते. ग्लुकोज आत आले की हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) एटीपीतला एक फॉस्फेट काढून त्याला चिकटवते; मग त्या ग्लुकोजला माघारी जाता येत नाही. गाठी शोधण्याच्या पेट स्कॅनमध्ये टोचतात त्या किरणोत्सारी फ्लोरीनयुक्त ग्लुकोजलाही असाच फॉस्फेट चिकटतो, पण त्याची रचना किंचित बदललेली असल्यामुळे त्याचे पुढे पचन होत नाही आणि ते पेशीत साठून राहते. पडद्यावर गाठ उजळते ती या अडकून पडलेल्या साखरेमुळे.

आता हेच कुलूप उलट्या बाजूने पाहावे. खुद्द फॉस्फेटलाही पेशीपटलाच्या आरपार जायला वाहक प्रथिन लागते. बीजांडकोशाच्या अनेक कर्करोगांत एसएलसी३४ए२ हा वाहक भरपूर असतो. सोडियम जास्त असलेल्या बाहेरच्या बाजूकडून आत घरंगळणाऱ्या तीन सोडियम आयनांचा (प्रभारित अणूंचा) जोर वापरून तो एकेक फॉस्फेट आत ओढतो. आत आलेले सगळेच खपत नाही. उरलेले बाहेर टाकण्यासाठी आपल्या पेशींना ठाऊक असलेला एकच दरवाजा सापडला आहे: एक्सपीआर१. या प्रथिनाची पहिली ओळख उंदरांच्या काही विषाणूंना पेशीत शिरू देणारा ग्राहक (रिसेप्टर) अशी १९९९ साली झाली आणि ते फॉस्फेट बाहेर नेते, हे २०१३ साली कळले. तेसुद्धा मजेदार रीतीने, कारण विषाणूच्या आवरणातील प्रथिनाचा तुकडा या दरवाजाला चिकटला की निर्यात थांबते. बीजांडकोश आणि गर्भाशय यांच्या ज्या कर्कपेशींत एसएलसी३४ए२ जास्त असते, त्यांत एक्सपीआर१ बंद पाडल्यास आत फॉस्फेट तुंबते आणि पेशी मरतात, असे २०२२ साली दाखवण्यात आले. आतला ओघ चालू आणि मोरी बंद, अशी ती कोंडी असते. उपाशी मारण्याच्या कल्पनेच्या नेमकी विरुद्ध अशी ही वाट आहे: ज्याची हाव, त्याचाच अतिरेक.

यावरून लगेच औषधाच्या गोळीची स्वप्ने पाहू नयेत. एक्सपीआर१ हा दरवाजा निरोगी पेशींनाही लागतो. त्याच्या जनुकात दोष असलेल्या काही कुटुंबांत मेंदूच्या खोल भागांत कॅल्शियम फॉस्फेटचे खडे साचतात, हे २०१५ पासून माहीत आहे. म्हणून असे औषध शोधणाऱ्यांना, गाठीतली मोरी तुंबवताना मेंदूतली मोकळी कशी ठेवायची, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.