स्वस्त तेल नागपूरपर्यंत येताना

जून २०१४ मध्ये ब्रेंट कच्च्या तेलाचं पिंप ११५ डॉलरला होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० डॉलरच्या खाली आलं. दीड वर्षात तीन चतुर्थांश किंमत उडाली. त्याच दीड वर्षात दिल्लीतलं पेट्रोल साडेत्र्याहत्तर रुपयांवरून साठच्या आसपास उतरलं, म्हणजे पाचव्या हिश्श्याएवढंही नाही. नागपुरात राज्याचा कर वेगळा असल्याने दर आणखी चढे, पण गोष्ट तीच. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला, काटोलच्या संत्रा बागायतदाराला, यवतमाळच्या कापूसवाल्याला तेव्हाही प्रश्न पडला होता आणि तेल उतरल्याची बातमी आली की तो अजूनही पडतो. मधली रक्कम गेली कुठे? त्यासाठी पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बाराच्या घरात गेला. भारतात नोव्हेंबरमध्ये पेट्रोल एकदम महागलं. त्याच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, तो प्रसंग जुन्या लोकांना आठवत असेल. पण त्या धक्क्यानंतरची खरी मोठी घडामोड कार्यालयांमधल्या कागदांवर झाली. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅस या सगळ्यांचे दर सरकार ठरवू लागलं. त्याला प्रशासित किंमत व्यवस्था म्हणत. तिच्या मुळाशी ‘तेल खातं’ नावाचं एक सरकारी खातं होतं. बाहेर तेल स्वस्त असताना खात्यात शिल्लक टाकायची, महाग असताना त्यातून भरपाई करायची. कल्पना समंजस होती. बाजारात भाव दुप्पट झाला तरी पंपावर तो एका रात्रीत दुप्पट होऊ नये, हा हेतू. तिची दुसरी बाजू अशी की भाव निम्मा झाला तरी पंपावर तो निम्मा व्हायचा नाही. चढाची झळ अडवणारी भिंत उताराचा ओलावाही अडवू लागली. ही व्यवस्था १ एप्रिल २००२ ला अधिकृतपणे मोडीत निघाली, पण ती सवय सुटलेली नाही, असं मला वाटतं.

भिंतीची पहिली मोठी परीक्षा १९८६ मध्ये झाली. सौदी अरेबिया तोवर भाव टिकवण्यासाठी आपलं उत्पादन कमी ठेवत आला होता. इतर देश वाट्टेल तेवढं विकत होते आणि सौदीचा वाटा घटत होता. शेवटी सौदीने नळ सोडला आणि सत्तावीस-अठ्ठावीस डॉलरचं पिंप काही महिन्यांत दहाच्या आसपास आलं. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, राजीव गांधी सरकारने देशात पेट्रोलियम पदार्थांचे दर वाढवले. ओरड झाली आणि वाढीचा काही भाग मागे घ्यावा लागला. जगात उतार, इथे चढ. यामागे नुसता सरकारी आडमुठेपणा होता असं म्हणता येत नाही. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रामुळे त्या काळी देशाची दोन तृतीयांशाच्या आसपास गरज घरच्या तेलातून भागत होती, त्यामुळे आयातीच्या बिलातली बचत आजच्याएवढी डोळ्यांत भरणारी नव्हती. शिवाय तिजोरीला पैसा हवा होता.

विदर्भासाठी १९८६ ची गोष्ट इथे संपत नाही, कारण तेल आपल्याकडे दुसऱ्या वाटेनेही येतं. कच्च्या तेलातून नाफ्था निघतो, नाफ्थ्यापासून पॅराझायलीन, त्यापासून पीटीए नावाची पावडर आणि तिच्यापासून पॉलिएस्टर. तेल पडलं की पॉलिएस्टर पडतो. पॉलिएस्टर पडला की सूतगिरणीवाला मिश्रणातला कापूस कमी करून धागा भरतो आणि कापसाच्या भावावर दाब येतो. ज्या नागपुरात १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, ज्याच्या भोवतीचा सगळा मुलूख पांढऱ्या सोन्यावर उभा राहिला, त्या मुलुखाला स्वस्त तेल हे निव्वळ वरदान कधीच नव्हतं.

जून १९८५ मध्ये केंद्राने नवं वस्त्रोद्योग धोरण आणलं आणि कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि कृत्रिम धाग्याच्या कपड्यांना ‘राजीवस्त्र’ असं नाव देऊन त्यांच्या होळ्या केल्या. त्या होळ्यांमागे तेलाचा भाव होता असा दावा कोणी करू नये. धोरण आधी आलं, तेल नंतर पडलं. पण धोरणाने दार उघडलं आणि पुढच्याच वर्षी कच्चा माल स्वस्त झाला, हा योग कापूसवाल्याच्या मुळावर येणारा होता. पुढे बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतच पॉलिएस्टरचा मोठा कारखाना उभा राहिला. कापसाच्या प्रदेशाच्या मधोमध, नागपूरपासून तीसेक किलोमीटरवर. तिथे आपल्याच पोरांना नोकऱ्या मिळाल्या हेही खरं. एकाच घरात बाप कापूस विकतो आणि मुलगा पॉलिएस्टरच्या कारखान्यात पाळीला जातो, अशा घराला तेल उतरल्याचा आनंद मानावा की काळजी करावी, हे ठरवणं सोपं नाही.

नंतर १९९०. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि तेल चाळीस डॉलरवर गेलं. ऑक्टोबरमध्ये केंद्राने पेट्रोलियम पदार्थांवर २५ टक्के आखाती अधिभार लावला. १७ जानेवारी १९९१ ला अमेरिकेचे हवाई हल्ले सुरू झाले आणि सगळ्यांच्या अंदाजाविरुद्ध तेलाचा भाव एका दिवसात सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. म्हणजे तेल स्वस्त झालं होतं. तरीही भारताचं संकट त्यानंतर वाढतच गेलं. महागाच्या काही महिन्यांत परकीय गंगाजळी आटली होती, आखातातून येणारा पैसा खंडला होता आणि परदेशी सावकारांचा विश्वास उडाला होता. परकीय चलन उभं करण्यासाठी मे १९९१ मध्ये २० टन सोनं स्विस बँकेकडे गेलं, जुलैमध्ये ४७ टनांच्या आसपास बँक ऑफ इंग्लंडकडे. मधल्या जूनमध्ये पंतप्रधानपदी आलेले पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ मध्ये आपल्या रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. उदारीकरणाबद्दल बोलताना नागपूरकर हे सहसा विसरतात. त्या वर्षीचा धडा असा की तेलाचा भाव खाली आल्याने आधी झालेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही.

तेल काहून पडलं, हे विचारल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. १९८६ आणि २०१४ मध्ये तेल जास्त झालं म्हणून पडलं. पहिल्या वेळी सौदीचा नळ, दुसऱ्या वेळी अमेरिकेतलं शेल तेल, म्हणजे खडक फोडून काढलेलं तेल, आणि २७ नोव्हेंबर २०१४ च्या बैठकीत उत्पादन न घटवण्याचा ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचा निर्णय. अशी घसरण आयात करणाऱ्या देशाच्या पथ्यावर पडते. १९९८, २००८ आणि २०२० मध्ये मात्र गिऱ्हाईकच नाहीसं झालं. १९९८ मध्ये आशियातली मंदी. २००८ मध्ये जुलैत १४७ डॉलर आणि डिसेंबरात चाळिसाच्या खाली, कारण मधे अमेरिकेतल्या बँका बुडाल्या. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेतला कच्च्या तेलाचा एक वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदीचा करार, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्या दिवशी वर्धा रोडवर चिटपाखरू नव्हतं. फुकट मिळालं असतं तरी ते तेल जाळायला गाड्या बाहेर नव्हत्या. अशा वेळची स्वस्ताई म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाचा जेवणाचा खर्च वाचावा तशी.

जास्तीच्या तेलामुळे झालेली घसरणही एकटी येत नाही. २०१५ मध्ये चीनची पोलादाची भूक मंदावली आणि तेलाबरोबर खनिजंही पडली. नागपुरात मुख्यालय असलेल्या मॉइल या सरकारी खाण कंपनीचा मँगनीजमधला नफा त्या वर्षी बराच घसरला. तेल विकणारे देश आपले गिऱ्हाईकही आहेत, हेही ध्यानात घ्यायला हवं. नायजेरिया भारतीय उकड्या तांदळाचा मोठा खरेदीदार होता. तेलाचं उत्पन्न आटल्यावर जून २०१५ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ४१ वस्तूंच्या आयातीसाठी परकीय चलन देणं थांबवलं आणि त्यात तांदूळ होता. पूर्व विदर्भासारख्या धानाच्या पट्ट्यात अशा बातम्या लक्षपूर्वक वाचल्या जातात. भारताची एकूण निर्यात २०१४-१५ मध्ये ३१० अब्ज डॉलर होती, ती पुढच्या वर्षी २६२ अब्जांवर आली. त्यातला मोठा भाग शुद्ध केलेल्या पेट्रोलियम पदार्थांचा, पण सगळा नाही.

आता २०१४ ते २०१६ च्या त्या मधल्या रकमेकडे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्येच मोकळे झाले होते, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये झाले. तेल उतरत असताना अनुदान काढायला याहून सोयीची वेळ मिळाली नसती. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला. पेट्रोलवरचा कर लिटरमागे ९.४८ रुपयांवरून २१.४८ वर गेला, डिझेलवरचा ३.५६ वरून १७.३३ वर. पेट्रोलियमवरच्या अबकारीचं उत्पन्न २०१४-१५ मध्ये ९९ हजार कोटी होतं, ते २०१६-१७ मध्ये २ लाख ४२ हजार कोटी झालं. राज्यानेही आपलं पाहिलं. मूल्यवर्धित कर टक्केवारीत असल्याने भाव पडला की राज्याचं उत्पन्न घटतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळाच्या नावाने लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार आला.

हा पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. चालू खात्यातली तूट २०१२-१३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के होती, ती २०१५-१६ मध्ये १.१ टक्क्यांवर आली. वित्तीय तूट उतरली, रस्त्यांना पैसा मिळाला. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं पाऊस कमी पडूनही महागाई भडकली नाही, यात स्वस्त तेलाचा वाटा मोठा होता. आपलं दुखणं वेगळं आहे. उताराच्या वेळी ‘पुढे चढ आला तर कामी येईल’ म्हणून ठेवून घेतलेलं चढाच्या वेळी परत मिळालं का? २०२० मध्ये टाळेबंदीत मार्च आणि मे मिळून पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १६ रुपये अबकारी वाढली. २०२१ मध्ये तेल पुन्हा वर निघालं, पेट्रोल शंभरीपार गेलं, तरी पहिली कपात यायला नोव्हेंबर उजाडला. दुसरी मे २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतर. परतफेड झाली, पण उशिरा आणि अर्धवट.

वाडीचा हिशेब मांडून पाहू. नागपूर ते हैदराबाद पाचशे किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं तर एका फेरीला सव्वाशे लिटर डिझेल लागतं. लिटरमागे दहा रुपये उतरले तर फेरीमागे साडेबाराशे रुपये वाचतात. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या गावात ही रक्कम किती हातांवर परिणाम करते, याचा अंदाज यावा. पण ती ट्रकमालकाकडे फार काळ राहत नाही. डिझेल उतरलं की माल देणारा भाडं पाडून मागतो. मोठ्या कंपन्यांच्या करारात डिझेलच्या दराशी भाडं जोडलेलं असतं, एकदोन ट्रकवाल्याकडे तसलं काही नसतं आणि बँकेचा हप्ता डिझेलबरोबर खाली येत नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचं भाडं थोडं कमी झालं तरी ऑटोचा, शाळेच्या व्हॅनचा, टपरीवरच्या चहाचा वर गेलेला दर खाली येताना कोणी पाहिलेला नाही. शेतकऱ्याला युरियाची गोणी ठरलेल्या दराने मिळते. युरिया ज्यापासून बनतो तो वायू स्वस्त झाला तर केंद्राचं अनुदान वाचतं, गोणीवरची किंमत हलत नाही.

एक परिणाम मात्र नागपूरला इतर शहरांपेक्षा जास्त जाणवतो. पर्यायी इंधनाचे प्रयोग आपल्याकडे फार झाले. इथेनॉलवर धावणारी हिरवी बस ऑगस्ट २०१४ मध्ये रस्त्यावर आली, म्हणजे तेल शंभरावर असताना ठरली आणि उतरू लागलं तेव्हा सुरू झाली. चार वर्षांनी ती सेवा थांबली. मे २०१७ मध्ये विजेवरच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग इथेच झाला. जुलै २०२१ मध्ये एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, देशातलं पहिलं व्यावसायिक केंद्र नागपुरात उघडलं. सीएनजी तर आपल्याकडे दुरून द्रवरूपात टँकरने यायचा. मार्च २०२२ मध्ये तो किलोला १२० रुपयांवर गेला होता आणि ज्यांनी कर्ज काढून गाडीला किट बसवलं होतं त्यांनी पुन्हा पेट्रोल भरायला सुरुवात केली. या प्रत्येक प्रयोगाच्या हिशेबात तेल महागच राहील असं गृहीत असतं. तेल उतरलं की तो हिशेब डळमळतो. आज पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. त्याची खरेदी किंमत सरकार ठरवतं, ती तेलाबरोबर खाली येत नाही. कच्चं तेल साठ-पासष्ट डॉलरला असताना शुद्धीकरण कारखान्यातून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा इथेनॉल महाग पडतं. इथेनॉलसाठी मका पेरणाऱ्या शेतकऱ्याला तेल उतरल्याच्या बातमीत काही भलं दिसणार नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने आणि ओपेक व तिच्या साथीदार देशांनी उत्पादन वाढवल्याने तेल साठ डॉलरच्या आसपास उतरलं. त्याच आठवड्यात केंद्राने पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे दोन-दोन रुपये अबकारी वाढवली, आणि ती वाढ तेल कंपन्यांनी आपल्या नफ्यातून सोसली. पंपावरचा आकडा जिथे होता तिथेच राहिला. घरगुती सिलिंडर मात्र त्याच दिवशी पन्नास रुपयांनी महागला.