माती विष गिळून बसत नाही

इंदूरला रामबागेतल्या जुन्या घरांत मुंग्या-वाळवीसाठी अंगणात गॅमॅक्सिन पावडर टाकायची पद्धत होती. ‘एकदा मातीत गेलं की गेलं, काळी माती सगळं पचवते,’ असं तेव्हा आज्या सांगत. आता तेच व्हॉट्सअॅपवर फिरतं.

खरं म्हणजे गॅमॅक्सिनमधलं लिंडेन हे कीटकनाशक मातीत राहतं आणि तिथून हळूहळू हवेतही उडतं. बीएचसीवर, म्हणजे लिंडेन ज्यात असतं त्या मिश्रणावर, भारतात 1997 मध्ये बंदी आली, लिंडेनचा कीटकनाशक म्हणून वापर 2013 मध्ये थांबला. पण फवारणी थांबल्यावर खेळ उलटतो: हवा स्वच्छ होत जाते आणि आधी विष घेणारी माती जुना साठा हवेला परत करू लागते.

हे वासावरून कळत नाही. त्यासाठी एकाच जागची माती आणि तिच्या लगत वरची हवा, दोन्ही तपासतात. हवा फोमच्या चकतीत किंवा पंपाने ओढून गोळा करतात. मग दोन्हीकडची ‘पलायनप्रवृत्ती’, म्हणजे पदार्थ तिथून निसटायला किती उतावीळ आहे, ते काढतात. जिकडे ती जास्त, तिकडून पदार्थ निघतो. 1979 मध्ये कॅनडातले रसायन अभियंता डोनाल्ड मॅके यांनी ही कल्पना पर्यावरणाच्या हिशेबासाठी रूढ केली.

एक गंमत: कोरडी माती असे पदार्थ घट्ट धरून ठेवते. पहिला पाऊस पडला की पाणी कणांवरची जागा बळकावतं आणि ते सुटतात. त्यामुळे नुसत्या मे महिन्यातल्या मोजणीवर भरवसा ठेवू नये. आणि शेणखत, सेंद्रिय अंश जास्त असलेली माती ते जास्त धरते; नुसत्या काळ्या रंगाचं त्यात काही नाही.