‘ग्राफिक्सवाला मदरबोर्ड’ मागण्यापूर्वी

जळगावच्या बाजारात संगणक जुळवून घ्यायला गेलेले गिऱ्हाईक अजूनही “ऑनबोर्ड ग्राफिक्स असलेला मदरबोर्ड दाखवा” असेच म्हणते आणि दुकानदारही काही न बोलता दोन खोकी समोर ठेवतो. प्रश्न चुकीचा नाही, जुना आहे; आणि घरी विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली वापरायची असेल, तर नीट विचारणे आणखी महत्त्वाचे. इंटेलच्या ८४५जी, ९४५जी, जी४१ अशा चिपसेटच्या काळात पडद्यावर चित्र उमटवणारा भाग खरोखरच मदरबोर्डवर, नॉर्थब्रिज नावाच्या चिपमध्ये असे. जानेवारी २०१० मध्ये इंटेलने तो प्रोसेसरच्याच वेष्टणात आणला आणि २०११ मध्ये, सँडी ब्रिज पिढीत, तो प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्ये विरघळून गेला. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी या दुसऱ्या कंपनीनेही त्याच वर्षी तसेच केले. तेव्हापासून मदरबोर्डकडे उरली आहेत ती प्रोसेसर बसतो त्या सॉकेटपासून मागच्या पोर्टपर्यंत जाणारी तारांची वाट आणि ते पोर्ट.

हा बदल लक्षात न घेतल्याने पैसे कसे अडकतात, ते चाळीसगावच्या एका शिक्षकमित्राच्या घरी पाहिले. त्यांच्या मदरबोर्डवर एचडीएमआयचे पोर्ट होते, मॉनिटर नवा होता आणि पंखाही फिरत होता, पण डिस्प्ले काही येत नव्हता. मदरबोर्ड दोनदा बदलून झाल्यावर प्रोसेसरचे खोके पाहिले, तर नावाच्या शेवटी ‘एफ’ होता. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, त्यात ग्राफिक्स चालू नसते; म्हणूनच तो थोडा स्वस्त मिळतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरील रायझन प्रोसेसरांत नेमके उलटे पाहावे लागते, कारण तिथे नावाअखेरच्या अक्षरांत ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स असते. २०२२ च्या रायझन ७००० मालिकेपासून बहुतेक प्रोसेसरांत ‘जी’ नसतानाही साध्या कामापुरते ग्राफिक्स मिळते, मात्र ‘एफ’ दिसला की तिथेही ते नाही असे समजावे.

लिनक्सपुरता खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. विंडोजमध्ये ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे सॉफ्टवेअर, उत्पादक पुरवतो, तर लिनक्समध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांच्या अंगभूत ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो; इंटेलचा आय९१५ आणि एएमडीचा एएमडीजीपीयू, जो २०१५ मध्ये कर्नलच्या ४.२ आवृत्तीत आला. कर्नलमधला हा भाग पडद्याचे रेझोल्यूशन ठरवतो आणि स्मृती वाटून देतो. त्रिमितीय चित्रांच्या आज्ञा चिपला कळतील अशा भाषेत उतरवण्याचे काम मेसा ही प्रणाली करते, जी ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये लिहायला घेतली होती. याशिवाय चिपमध्ये चढवावे लागणारे फर्मवेअर वेगळ्या पॅकेजमधून येते आणि ते नसेल तर एएमडीचे ग्राफिक्स धड जागेच होत नाही.

यातून खरेदीचा एक नियम निघतो, जो मला बाकी सगळ्या तुलनांपेक्षा मोलाचा वाटतो: तुमच्या लिनक्समधले कर्नल प्रोसेसरपेक्षा वयाने लहान असावे. डेबियन या लिनक्सची १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, पण तिच्यातले ६.१ हे कर्नल डिसेंबर २०२२ चे आहे. त्यानंतर बाजारात आलेल्या चिपची पूर्ण ओळख त्याला असेलच असे नाही. अशा वेळी चित्र येते, पण फसवे येते. रेझोल्यूशन एकाच आकड्यावर अडकते आणि ग्राफिक्सचे सगळे काम एलएलव्हीएमपाइप नावाच्या सोयीतून प्रोसेसरच ओढत राहतो, त्यामुळे साधा व्हिडिओ लावला तरी पंखा घोंगावू लागतो. म्हणून वर्ष-दीड वर्ष जुना प्रोसेसर घ्यावा; दुकानदार त्याला ‘मागच्या पिढीचा’ म्हणत नाक मुरडेल, पण लिनक्सवर तोच सुखाने नांदतो.

जुन्या बाजारातून मदरबोर्ड घेणाऱ्यांनी मात्र नावावर भुलू नये. इंटेलचे जीएमए ५०० हे नावाने इंटेलचे असले, तरी त्याचे ग्राफिक्स पॉवरव्हीआर या दुसऱ्याच घराण्याचे होते आणि लिनक्सवर त्याने अनेकांना रडवले. सीस कंपनीच्या मिराज ३ ग्राफिक्सचेही तसेच. असे बोर्ड फुकट मिळाले तरी घेऊ नयेत, असे माझे मत आहे.

अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते; ते संगणकाच्या रॅममधूनच वाटा घेते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा, तर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरून सुमारे ५० कोटी बाइट दर सेकंदाला वाचावे लागतात. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला २५.६ गिगाबाइट वाहून नेते, तेव्हा एवढे ओझे किरकोळच. पण खेळ किंवा त्रिमितीय आराखडे सुरू झाले, की प्रोसेसर आणि ग्राफिक्स त्याच वाटेवर एकमेकांना अडवू लागतात. उधना–जळगाव लोहमार्ग एकेरी होता, तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीसाठी आपली गाडी स्थानकात ताटकळत उभी राहायची, हे अमळनेर-नंदुरबारकडच्या लोकांना सांगायला नको. ८ जीबीच्या एका स्टिकऐवजी ४ जीबीच्या दोन स्टिक योग्य खाचांत बसवल्या, की हा मार्ग दुहेरी होतो आणि वहनक्षमता ५१.२ गिगाबाइटवर जाते. त्यासाठी मदरबोर्डवर दोन चॅनलच्या खाचा आहेत ना, हे पाहून घ्यावे. चार खाचा असतील, तर कोणत्या दोन आधी भरायच्या ते पुस्तिकेत दिलेले असते.

पोर्टबद्दल एक अनुभव सांगतो. धुळ्याच्या एका शाळेत जुन्या व्हीजीए मॉनिटरवर लिनक्स बसवले, तेव्हा चित्र १०२४ गुणिले ७६८ च्या पुढे जाईना. ड्रायव्हर, कर्नल, सगळे तपासले. शेवटी केबल काढून तिच्या तोंडाकडे निरखून पाहिले. पंधरा पिनांच्या तीन ओळींपैकी मधल्या ओळीतली नववी पिन नव्हती, ते एक वेळ चालते. पण खालच्या ओळीतल्या बाराव्या आणि पंधराव्या पिनांच्या जागीही नुसती भोके होती. याच दोन पिनांवरून मॉनिटर आपली मापे संगणकाला कळवतो, आणि ती न कळल्यास लिनक्स सावधपणे १०२४ गुणिले ७६८ वर थांबते. दुसरी केबल लावली आणि पडदा लगेच भरला. इंटेलने २०१५ च्या स्कायलेक पिढीत व्हीजीए काढून टाकले असल्याने आजच्या मदरबोर्डवरील व्हीजीए पोर्ट बहुधा डिस्प्लेपोर्ट या नव्या डिजिटल पोर्टचा संकेत बदलणाऱ्या एका छोट्या चिपवर चालते. लिनक्समध्ये ते डिस्प्लेपोर्ट म्हणूनच दिसले तर गोंधळून जाऊ नये.

आता उन्हाळा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्याने, मदरबोर्डच्या नुसत्या खाचेतूनच ७५ वॅटपर्यंत वीज घेऊ शकणारा एक भागीदार कमी होतो आणि वीज गेल्यावर यूपीएस जास्त वेळ तग धरतो. पण कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पूर्ण भारावर प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंशांनी तापत असेल, तर पावसाळ्यात २८ अंशांच्या खोलीत तो ६८ वर राहील आणि भुसावळच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या ४३ अंशांच्या खोलीत, ८३ वर जाईल. मदरबोर्डची खरी कसोटी इथे लागते. वीजपुरवठ्याकडून येणारे १२ व्होल्ट साधारण सव्वा व्होल्टवर उतरवायचे, तर ६५ वॅटच्या प्रोसेसरसाठी ५० अँपिअरहून अधिक प्रवाह सॉकेटशेजारच्या मॉस्फेट नावाच्या चिमुकल्या विद्युत भागांमधून जातो. स्वस्त बोर्डवर ते उघडेच असतात. आपल्या भागात त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा, उष्णता खेचून घेणारा हीटसिंक बसवलेला बोर्ड घ्यावा आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी मोजावेत.

दुकानात जाताना, जे लिनक्स घरी वापरायचे आहे तेच पेन ड्राइव्हवर घेऊन जावे. जुळवलेला संगणक तिथेच त्यावरून सुरू करून टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ या पर्यायासह (lspci -k) द्यावी. ग्राफिक्सच्या ओळीखाली वापरातला ड्रायव्हर म्हणून आय९१५, एक्सई (इंटेलचाच नवा ड्रायव्हर) किंवा एएमडीजीपीयू यांपैकी एक नाव दिसले पाहिजे. मग संगणक एकदा झोपवून पुन्हा जागा करावा. चित्र परत आले, की बिल करायला सांगावे.