दांडिया बाजारातले काका आणि बाराशेचा आकडा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणारे आमचे एक काका निवृत्तीनंतर फोनवर रोज दहा-दहा मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळतात आणि त्यांचे रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, बरेच दिवस बाराशेच्या आसपास घुटमळते आहे. आपला खेळ आक्रमक आहे, अशी त्यांची ठाम समजूत आहे. आकडा हलत नाही, याचा राग ते फोनवर काढतात.

रेटिंगची ही पद्धत आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने घडवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती 1960 मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने 1970 मध्ये स्वीकारली. एकट्या खेळाडूच्या रेटिंगला फारसा अर्थ नसतो. दोघांमधला फरक तेवढा बोलतो. फरक 200 असेल तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत सुमारे 76 गुण मिळवावेत आणि 400 असेल तर 91, अशी अपेक्षा सूत्रातून निघते. त्यामुळे काकांनी चौदाशेच्या खेळाडूंशी 20 डाव खेळून 15 गमावले आणि 5 जिंकले, तर ते घरात सुतक पाळतील, पण सूत्राच्या लेखी त्यांची कामगिरी अपेक्षेइतकीच ठरेल आणि रेटिंग जवळपास जागच्या जागी राहील. ऑनलाइन खेळात बहुधा मार्क ग्लिकमन यांची सुधारित पद्धत वापरतात. तीत रेटिंगबरोबर त्याची अनिश्चितताही मोजली जाते, म्हणून बऱ्याच खंडानंतर परतलेल्या खेळाडूचा आकडा सुरुवातीला जास्त हेलकावे खातो.

डाव संपल्यावर दिसणारी अचूकतेची टक्केवारी, म्हणजे संगणकाच्या मते चाली किती बरोबर होत्या याचा आकडा, हे काकांचे दुसरे दुखणे. संगणक प्रत्येक चालीनंतर स्थितीचे मोल प्याद्यांच्या हिशेबात मांडतो, परंतु एका प्याद्याची किंमत सर्वत्र सारखी नसते. म्हणून अचूकता ठरवताना चालीमुळे जिंकण्याची शक्यता किती घटली, हे पाहतात. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या सूत्रानुसार बरोबरीच्या स्थितीतून एका प्याद्याइतके मागे पडल्यास जिंकण्याची शक्यता 50 टक्क्यांवरून सुमारे 41 वर येते. आठ प्याद्यांची आघाडी सातवर आली, तर ती 95 वरून जेमतेम 93 होते. अर्थात, समोरच्याने दहाव्या चालीला वजीर फुकट घालवला, तर उरलेला डाव कोणालाही अचूक खेळता येतो. काका मात्र असल्याच डावांचे आकडे कौतुकाने दाखवतात.

त्यांच्या आक्रमक म्हणवणाऱ्या शैलीच्या कोड्याचे उत्तर मला डावाच्या घड्याळात सापडले. काका हा खेळ आपल्या आजोबांकडून देशी पद्धतीने शिकले. तीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल करता येते. अशा खेळात प्याद्यांची फळी हळूहळू उभी राहते, आणि काका आजही तशीच फळी उभारतात. पहिल्या पंधरा चालींत त्यांची सहा-सात मिनिटे सरतात. मग पट मोकळा झाला की ते घाईने हल्ला करतात आणि नेमके तिथेच प्रतिस्पर्ध्याच्या घोड्याला राजा आणि हत्ती एकाच वेळी धरू देतात. ज्याला ते आक्रमकता म्हणतात, ती बहुतेक वेळा वेळेची टंचाई असते.

यामागचे कारण विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांच्या 1973 च्या प्रयोगातून उलगडते. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक बरोबर मांडू शकले. मोहरे वाटेल तसे विखुरल्यावर मात्र हा फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे त्यांची सर्वसाधारण स्मरणशक्ती अफाट नव्हती, तर ओळखीच्या रचनांचा साठा मोठा होता. बंद फळीच्या रचना काकांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. मोकळ्या पटावर त्यांना प्रत्येक धोका नव्याने हुडकावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी मिनिटे आधीच खर्च झालेली असतात.

गेल्या आठवड्यापासून काका पंधरा मिनिटांचे आणि दर चालीला दहा सेकंद वाढवून मिळणारे डाव खेळू लागले आहेत. आता घोड्याच्या चालीपाशी ते थांबतात, चष्मा पुसतात आणि मगच बोट पुढे करतात. "आक्रमण जरा थंडावले आहे," अशी तक्रार त्यांनी काल केली. तो डाव त्यांनी जिंकला होता.